विकतचं दुखणं

दुखण्याचे दोन प्रकार असतात. एक फुकटचं आणि दुसरं विकतचं. फुकटचं दुखणं घरपोच येतं. त्यासाठी अर्ज करावा लागत नाही, रांग लावावी लागत नाही आणि वशिला तर मुळीच लागत नाही. रात्री माणूस चांगला जेवून-खाऊन झोपतो आणि सकाळी उठून पाहतो तो मान धरलेली. का धरली, कोणी धरली, कशासाठी धरली, काही पत्ता नाही. विकतच्या दुखण्याचं तसं नसतं. त्यासाठी आधी नाव नोंदवावं लागतं, पैसे भरावे लागतात, पावती जपून ठेवावी लागते आणि डॉक्टरचं ‘हा माणूस दुखून घ्यायला लायक आहे’ अशा अर्थाचं सर्टिफिकेट जोडावं लागतं. एवढं करून मग लांब कुठेतरी प्रवास करून ते दुखणं आणायचं. अशी माणसं हल्ली वाढली आहेत. आणि ती वेडी नसतात, हीच खरी पंचाईत आहे. वेडी असती तर प्रश्नच मिटला असता.

आता तुम्ही म्हणाल, मध्यमवर्गीय माणसाला कष्टांचं एवढं वावडं कधीपासून झालं? तर तसं नाही. आम्ही कष्टाला कधीच नाही म्हटलेलं नाही. परीक्षेसाठी रात्री जागलो, नोकरीसाठी लोकलला लोंबकळलो, ब्लॉकच्या हप्त्यांसाठी वीस वर्षं एकच कोट वापरला. पण आमची एक अट असते. कष्टाच्या पुढे काहीतरी पाहिजे. सर्टिफिकेट पाहिजे, बढती पाहिजे, निदान मुलीचं लग्न तरी पाहिजे. निष्काम कर्मयोगावरची व्याख्यानंसुद्धा आम्ही चहाची सोय आहे की नाही ते पाहून ऐकतो. त्यामुळे ज्या कष्टाच्या शेवटी काहीच मिळत नाही, उलट पदरचे पैसे जातात, असे कष्ट करणारा माणूस पाहिला की आमच्या हिशेबाची वही गडबडते. हे जमेला धरायचं की नावे टाकायचं?

हा प्रश्न मला पडायला कारण माझा भाचा.

वय वर्षं चौतीस, नोकरी कॉम्प्युटरची, आणि छंद डोंगरावर सायकल चालवण्याचा. सायकल म्हटल्यावर आमच्या पिढीतल्या पुणेकराचे डोळे ओलावतात. पुणं हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं. पण आमच्या सायकलीला सायकलीसारखं सगळं असायचं. घंटी, मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, डायनामोचा दिवा, आणि तो बंद पडला की पोलिसाला द्यायची सबब. भाच्याच्या सायकलीला यातलं एकही नाही. माझ्या पहिल्या स्कूटरच्या कितीतरी पट किंमत मोजून त्याने इतक्या वस्तू नसलेली सायकल आणली. “स्टँड नाही?” मी विचारलं. “मामा, वजन वाढतं.” “मग ती उभी कशी राहते?” “ती उभी राहण्यासाठी नसतेच.” या उत्तरापुढे बोलण्यासारखं काही नव्हतं. सायकल भिंतीला टेकून पाहुण्यासारखी संकोचून उभी होती.

या डोंगरी सायकलीचा इतिहास मला त्यानेच सांगितला, आणि तो मोठा बोधप्रद आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये मरीन नावाचा परगणा आहे. तिथल्या काही तरुणांनी १९७० नंतरच्या दशकात जुन्या, जाड टायरच्या, वजनदार सायकली भंगारातून शोधून काढल्या. त्या सायकली ट्रकमध्ये घालायच्या, ट्रकने डोंगरावर जायचं आणि मातीच्या रस्त्यावरून सायकलीवर बसून सुसाट खाली यायचं. १९७६ साली त्यांनी याची शर्यत सुरू केली. उतरताना मागच्या चाकातला ब्रेक एवढा तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि खाली आल्यावर ते पुन्हा भरावं लागायचं. म्हणून त्या शर्यतीचं नाव ‘रीपॅक’. पुढे या खेळाची एवढी भरभराट झाली की १९९६ साली अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये तो दाखल झाला. सांगायचा मुद्दा असा, की डोंगरावरच्या सायकलीचा जन्म उतारावर झाला आहे. चढण ट्रकने चढायची आणि उतार आपण भोगायचा. सरकारी नोकरांच्या पेन्शनीची कल्पना जवळजवळ हीच आहे.

भाचा अर्थात ट्रकवाला नव्हे. तो सिंहगड पायडल मारत चढतो. पण त्याचं सगळं तत्त्वज्ञान त्या ट्रकवाल्यांचंच. “मामा, चढ म्हणजे कमाई आणि उतार म्हणजे पगार,” असं तो म्हणायचा. मला हे पटायचं. आयुष्याबद्दल माझंही साधारण असंच मत होतं. साठीपर्यंत चढायचं, मग पाय वर करून बसायचं आणि गाडी आपोआप खाली जाऊ द्यायची. मराठीत ‘उतारवय’ असा शब्द आहेच. तो ज्याने केला, त्याच्या गुडघ्यांची हकिगत मात्र भाषेच्या इतिहासात नोंदलेली नाही.

आणि २०१८ च्या जूनमध्ये या भाच्याने जाहीर केलं, की आपण एका शर्यतीला जाणार आहोत. सायकलीच्या नव्हे, पळण्याच्या. दार्जिलिंगच्या बाजूला, भारत-नेपाळच्या सरहद्दीवर सिंगलीला नावाची डोंगररांग आहे. तिथे पाच दिवसांत शंभर मैल, म्हणजे एकशेसाठ किलोमीटर पळायचं. १९९१ साली सुरू झालेली शर्यत आहे. पहिल्याच दिवशी मानेभंज्यांग या गावाहून निघून अडतीस किलोमीटर पळत संदकफूला पोचायचं. संदकफूची उंची ३,६३६ मीटर. तिथल्या हवेत आपल्याकडच्या मानाने प्राणवायू दोन-तृतीयांशच. उरलेला एक-तृतीयांश कुठे जातो कोण जाणे, पण शर्यतीची फी मात्र पूर्ण घेतात. तिसऱ्या दिवशी पूर्ण मॅरेथॉन, बेचाळीस किलोमीटर, आणि तिच्या शेवटी हजार मीटरहून जास्त उतार उतरून रिंबिक नावाच्या गावी यायचं.

घरात अर्थातच गोलमेज परिषद भरली. आमच्याकडे कुठल्याही गोष्टीला विरोध करायचा तर तो चौकशीच्या स्वरूपात करतात.

“पहिल्या नंबराला काय देतात?” माझ्या मेहुण्यांनी विचारलं.

“मी पहिला येणार नाही.”

“मग दुसऱ्याला?”

“मी बहुतेक शेवटच्या दहांत असेन. मी पळणारा नाही, सायकलवाला आहे.”

“म्हणजे जे आपल्याला येत नाही ते करायला एवढ्या लांब जायचं?” मेहुण्यांनी आवाज चढवला. “न येणाऱ्या गोष्टी इथे कमी आहेत का? गॅसचा सिलिंडर लाव.”

“पळतच जायचं होतं तर सायकल कशाला घेतली?” आमच्या सौ. म्हणाल्या. “ती आधी विक. बाल्कनी मोकळी होईल.”

तेवढ्यात कोणीतरी, बहुधा मीच, म्हणालो की ही एक प्रकारची वारीच म्हणायची. आपल्याकडे आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर लोक पायी जातातच की, म्हातारीकोतारीसुद्धा. यावर इतका वेळ गप्प बसलेली ताई, म्हणजे भाच्याची आई, बोलली. “वारीला माणूस स्वतःला विसरायला जातो. हा मनगटाला घड्याळ बांधून जातोय. पंढरपुरात ‘तुम्ही किती तासांत आलात हो?’ असं विचारलेलं ऐकलंयस कधी?”

ऐकलं नव्हतं. वारी रद्द झाली.

ताईच्या बोलण्याला त्या दिवशी जी धार होती तिचं कारण तिच्या गुडघ्यात होतं. दोन्ही गुडघे झिजलेले. उजव्याची शस्त्रक्रिया ऑगस्टमध्ये ठरलेली होती. तिच्या वाट्याला आलेलं दुखणं पहिल्या प्रकारचं, फुकटचं. शाळेत तीस वर्षं उभं राहून शिकवलं, संसार केला, सासू-सासऱ्यांचं केलं, आणि त्या सगळ्याची व्याजासकट परतफेड गुडघ्यांत जमा झाली. तिला वाटलं असणार, की मी एकेक पाऊल मोजून टाकते आणि ज्याला देवाने धड पाय दिलेत तो ते असे उधळतो. परिषद संपल्यावर ती मला स्वयंपाकघरात म्हणाली, “दुखणं म्हणजे काय चैनीची वस्तू आहे का रे?”

वाचकहो, या प्रश्नाला मी ‘नाही’ म्हणालो. पण प्रश्न तिथे संपला नाही. अन्न ज्याला मिळत नाही त्याच्यासमोर उपासाचं कौतुक सांगावं का? ज्याला चालवत नाही त्याच्यासमोर पळण्याच्या हौसेचं बोलावं का? हौसेला मोल नाही म्हणतात ते खरं. पण शेजारी कोणी त्याच मालाचं मोल वर्षानुवर्षं भरत असताना आपण तो हौसेने खरेदी करावा, हे बरं दिसतं का? मुंबईच्या लोकलमध्ये रोज जो दोन तास उभा राहतो त्याला कोणी पदक देत नाही. त्याने ते मागितलं तर आधी तिकीट विचारतील.

असो. ऑगस्टमध्ये ताईची शस्त्रक्रिया झाली, चांगली झाली. चार माणसांनी खुर्चीत बसवून तिला दुसऱ्या मजल्यावर आणलं. बिल्डिंग जुनी, लिफ्ट नाही. आणि ताई वर आली ती आलीच. व्यायाम शिकवणाऱ्या बाई घरी यायच्या, ताई घरात काठी घेऊन चालायची, पण जिना उतरायला तयार नाही. सप्टेंबर गेला, गणपती गेले, ऑक्टोबर उजाडला. “चढायचं असतं तर चढले असते ग,” ती त्या बाईंना म्हणायची. “चढताना पुढची पायरी डोळ्यांसमोर असते. उतरताना समोर काहीच नसतं.”

भाचा तेव्हा तयारीत होता. पहाटे उठून पायी सिंहगड चढायचा आणि पळत उतरायचा. संध्याकाळी घरी येऊन आईला उपदेश करायचा. सगळं मनात असतं, भीती ही फक्त एक कल्पना आहे, शरीर मनाचं ऐकतं, वगैरे. ताई शांतपणे ऐकायची आणि म्हणायची, “माझं मन गुडघ्याचं ऐकतं. तुमच्याकडे उलटी पद्धत असेल.”

पण पहिल्या मोठ्या सरावानंतर तिसऱ्या दिवशी मी त्याला एका विलक्षण अवस्थेत पाहिलं. तो आमच्या जिन्यावरून उलटा उतरत होता. तोंड वर, पाठ खाली, दोन्ही हातांनी कठडा धरून, गलबतावरून होडीत उतरल्यासारखा. हा इसम आठवड्याला दोनशे किलोमीटर सायकल मारणारा! दम लागला नव्हता, छाती धडधडत नव्हती, फक्त मांड्या म्हणत होत्या, आज आम्ही रजेवर आहोत.

तेव्हा त्याने मला जे शास्त्र सांगितलं ते मोठं गमतीचं आहे. सायकल चालवताना मांडीचा स्नायू आखडतो आणि पायडल ढकलतो. दर खेपेला आखडून जोर लावायचा, एवढंच त्याला माहीत. उतारावर सायकलवाला बसून असतो, काम करतो ब्रेक. पण पायी उतरताना ब्रेक कुठे असतो? मांडीच्या स्नायूतच. दर पावलाला शरीराचं वजन खाली येतं, आणि ते धरून ठेवण्यासाठी स्नायूला जोर लावत लावत लांब व्हावं लागतं. आखडायची धडपड आणि ताणला जाण्याची सक्ती, दोन्ही एकाच वेळी. सासर-माहेर दोन्ही सांभाळणाऱ्या बायकांना हे निराळं समजावून सांगायला नको. या ताणात स्नायूचे बारीक बारीक तंतू दुखावतात. आणि गंमत म्हणजे त्याचं बिल लगेच येत नाही. एक-दोन दिवसांनी येतं, वाण्याच्या उधारीसारखं. माल नेताना सगळं हसतमुख.

यावर १९५२ साली विलायतेत एक प्रयोग झाला होता. अ‍ॅबट, बिगलंड आणि रिची अशा तिघा शास्त्रज्ञांनी दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पायडल पुढे मारायचं, दुसऱ्याने ते रोखून धरायचा प्रयत्न करायचा. दोघांचा जोर सारखाच लागतो, पण रोखणाऱ्याला प्राणवायू फारच कमी लागतो असं दिसून आलं. लंडनच्या रॉयल सोसायटीत हे प्रात्यक्षिक दाखवलं तेव्हा एका लहानखुऱ्या बाईने एका दांडग्या पुरुषाला रोखून रोखून दमवलं म्हणतात. तो घामाघूम आणि ही मजेत! शास्त्रज्ञांना याचं फार आश्चर्य वाटलं. मला त्यांच्या आश्चर्याचं आश्चर्य वाटलं, कारण हाच प्रयोग गेली चाळीस वर्षं माझ्या घरी सायकलीशिवाय चालू आहे.

पण विनोद बाजूला ठेवला तर एक गोष्ट उरते. उतरणं स्वस्त वाटतं, कारण त्याला दम लागत नाही. त्याची किंमत वेगळ्या खात्यातून, नंतर वसूल होते. चढण्याची तयारी जगात सगळे करतात, त्याचे क्लासही निघालेले आहेत. उतरण्याची तयारी कोणी करत नाही. आणि शरीराचा नियम असा आहे, की उतरून उतरून एकदा दुखून गेलेला स्नायू पुढच्या खेपेला कमी दुखतो. सायकलीवर चढलेले शंभर घाट या कामी उपयोगी पडत नाहीत. उतार हा उतरूनच शिकावा लागतो.

ऑक्टोबरच्या अखेरीस भाचा गेला आणि पाच दिवस पळून, म्हणजे त्याच्याच शब्दांत ‘थोडं पळून आणि बरंच लोंबकळून’, परत आला. त्याने सांगितलेलं सगळंच इथे लिहीत नाही. संदकफूहून एव्हरेस्ट, ल्होत्से, मकालू आणि कांचनजंगा, म्हणजे जगातल्या पहिल्या पाचांतली चार शिखरं एका नजरेत दिसतात, आणि त्याने ती पाहिली. पाहताना त्याला मुख्य चिंता होती ती डाव्या अंगठ्याच्या नखाची. पायी उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात आणि नखं काळी पडतात. हिमालयासमोर उभा असलेला माणूस स्वतःच्या अंगठ्याकडे पाहतो, यात सगळं तत्त्वज्ञान आलं.

एक प्रसंग मात्र सांगितलाच पाहिजे. पहिल्या दिवशी, शेवटच्या चढावर, हा दर वीस पावलांना थांबत होता. मागून एक बाई आली. कपाळावर पट्टा, पाठीवर ओझ्याने भरलेली डोको, म्हणजे तिकडची बांबूची टोपली, आणि पायांत साध्या रबरी चपला. ती संथपणे त्याच्या पुढे गेली. मग थांबली, मागे वळली आणि हिंदीत तिने विचारलं, “कोण आजारी आहे?”

याला कळेना. मग लक्षात आलं. तिच्या हिशेबात डोंगर चढताना माणूस धावतो तो एकाच कारणासाठी. कुणाचं तरी जास्त झालेलं असतं. आता तिला काय सांगणार? पदकासाठी? फी भरून? हा म्हणाला, “आई.” तिने मान हलवली, ओझं सावरलं आणि त्याला पुढे जायला वाट दिली. “मामा, त्यानंतर मला थांबता येईना,” भाचा म्हणाला. “ती बघत होती ना!”

मी या प्रसंगावर पुष्कळ विचार केला आहे. माझ्या मते विकतच्या आणि फुकटच्या दुखण्यात खरा फरक पैशांचा नाही. फरक दाराचा आहे. विकतच्या दुखण्याला मागच्या बाजूला एक दार असतं. अगदीच सहन होईना तर हात वर करायचा, गाडी येते, ब्लँकेट मिळतं, गरम चहा मिळतो, आणि घरी आल्यावर ‘प्रयत्न केला हेच खूप झालं’ असं ऐकायला मिळतं. त्या टोपलीवाल्या बाईच्या वाटेला असं दार नाही. तिने ओझं खाली ठेवलं तर ते तिथेच राहील आणि चूल थंड. ताईच्या गुडघ्यालाही दार नाही. म्हणून विकतच्या दुखण्याला शौर्य म्हणू नये. तो खेळ आहे. जो त्याला शौर्य म्हणून मिरवतो, तो नाटकात राजा झाल्यावर घरभाडं द्यायचं थांबवणाऱ्या नटासारखा आहे.

पण खेळ म्हटला म्हणून तो टाकाऊ होत नाही. लहान मुली भातुकलीत खोटा खोटा भात करतात. त्याने पोट भरत नाही हे त्यांनाही माहीत असतं. माणसाला काही गोष्टी खऱ्या वेळेआधी, खोट्या करून पाहाव्या लागतात. हरणं, मागे पडणं, न येणाऱ्या गोष्टीत सगळ्यांच्या देखत ढ ठरणं, आणि दुखऱ्या पायाने उतरणं. प्रश्न एवढाच, की त्या भातुकलीतून खरा स्वयंपाक कधी होतो का? आणि याची परीक्षा डोंगरावर होत नाही. डोंगरावर सगळेच थोर असतात.

आमच्याकडे ती जिन्यात झाली.

दिवाळी तोंडावर आली होती. खाली बिल्डिंगच्या मुलांनी किल्ला केला होता, आणि ताईने गेली कित्येक वर्षं त्या किल्ल्यावर अळीव पेरायचं काम स्वतःकडे ठेवलं होतं. मुलं वर येऊन बोलावून गेली. ताई दारापर्यंत आली, कठड्याला हात लावून उभी राहिली आणि पुढे सरकेना. मी तिथेच होतो. मला वाटलं, आता भाषण होणार. मन, कल्पना, शरीर ऐकतं, वगैरे.

भाचा काही बोलला नाही. बोलण्याच्या स्थितीत नव्हता. तो स्वतःच कठड्याला धरून, एक पाऊल खाली टाकून, दुसरं कसं टाकावं या विवंचनेत होता. तोंडातून ‘आई ग’ असं निघालं, ते हाक म्हणून नव्हे.

“काय रे, तुझेही गेले का?” ताईने विचारलं.

“मांड्या. उतरवत नाही.”

“कुठला पाय जास्त दुखतो?”

“डावा.”

“मग तो आधी टाक,” ताई म्हणाली. “चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी. त्या बाई मला तीन महिने घोकून घेतायत.” तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना चुकणारा विद्यार्थी दिसला की राहवत नाही. तिने काठी माझ्या हातात दिली, कठडा धरला आणि त्याला दाखवायला म्हणून शस्त्रक्रियेचा पाय खालच्या पायरीवर टेकला. मग दुसरा. मग पुन्हा तो. दाखवता दाखवता ती चार पायऱ्या खाली गेली होती.

एरवी भाचा एका वेळी दोन-दोन पायऱ्या उतरून खालून ‘चल ना आई’ म्हणणारा. त्या दिवशी दोघांचा वेग अगदी एक होता. मधल्या वळणावर तो थांबला. तिच्यासाठी नव्हे, स्वतःच्या गरजेने थांबला, आणि म्हणून तिला ते थांबणं चाललं. तिथे ती त्याला म्हणाली, “तुझं आठवड्यात जाईल. माझं नाही जायचं. दुसरा अजून व्हायचाय.”

“हो,” तो म्हणाला.

वाचकहो, त्या शर्यतीत मिळालेलं पदक आमच्या घरी कुठल्यातरी खणात आहे. माझ्या लेखी मिळालं ते हे ‘हो’. चार महिन्यांपूर्वी तो म्हणाला असता, “असं नको बोलूस, बी पॉझिटिव्ह.” उतारावर पाच दिवस दुखून आल्यावर त्याला एवढं कळलं होतं, की आपलं दुखणं आणि तिचं दुखणं एक नाही. पण दोन्ही एकाच जिन्यावरून खाली जातात. आपलं जाणार आहे आणि समोरच्याचं जाणार नाही, हे ज्याला न रडता, न समजूत घालता कबूल करता येतं, त्याच्या फीचे पैसे वसूल झाले असं मी धरतो. नाहीतर विकतचं दुखणं नुसतं महाग.

छत्तीस पायऱ्या उतरायला त्यांना सव्वीस मिनिटं लागली. मी मोजली, कारण आमच्या घरात घड्याळ बघायला तेव्हा दुसरं कोणी मोकळं नव्हतं. अळीव पेरले गेले. मुलांनी शिवाजीमहाराजांना सिंहासनावर बसवलं. आता दोघांना पुन्हा वर कसं न्यायचं हा प्रश्न होता, पण चढण्याबद्दल आमच्या कुटुंबात कधीच कोणाला फारशी शंका नव्हती.

त्या दिवसापासून मीही हळूहळू उतारवयाचा सराव करतो आहे. दुधाला जाताना रिक्षा करत नाही, टेकडीवरून येताना घाई करत नाही, आणि कोणी पुढे गेलं तर त्याला वाट देतो. विशेष दुखत नाही. दुखलं तर परवा कळेल.

पुढच्या वर्षी ताईचा डावा गुडघाही झाला. बारा दिवसांनी ती आपली आपण जिना उतरली. त्यानंतर काही दिवसांनी भाच्याने जेवताना आणखी एका शर्यतीचं सूतोवाच केलं. मेहुण्यांचा घास हातात राहिला. आमच्या सौ.नी बाल्कनीतल्या सायकलीकडे पाहिलं. बक्षीस काय, फी किती, रजा मिळणार का, हे सगळे प्रश्न रांगेत उभे होते. पण पहिला प्रश्न ताईने विचारला, आणि आमटी वाढता वाढता, अगदी माहीतगार माणसाने विचारावा तसा विचारला.

“उतार किती आहे रे?”